न बसलेल्या माणसाचा फोटो

"श्वास धरा... धरा... पापणीला सांगा, जरा थांब गं बाई... हं, सोडा!"

हा आवाज मिसाओनं कळायला लागल्यापासून ऐकलेला. समुद्रकाठच्या त्या गावात एकच फोटो-स्टुडिओ, त्यात तीन पायांवर उभा बैलाएवढा कॅमेरा, आणि काळ्या कापडाखालून बोलणारा तिचा बाप, तोकुझो. त्या आवाजासाठी श्वास धरला नाही असं गावात कुणी नव्हतं. नवरानवरींनी धरला, शाळेला निघालेल्या पोरांनी धरला. आणि सत्तरी उलटली की म्हातारी माणसं एकदा शेवटचा धरायला यायची. आपण गेल्यावर फुलांच्या मधोमध जो फोटो ठेवायचा, तो जिवंतपणी, आपल्या आवडत्या कपड्यांत काढून ठेवायचा, ही तिथली रीत. मागच्यांची ऐनवेळी धावाधाव नको.

बाप गेला, स्टुडिओचं दार मिटलं, पण रीत काही मिटली नाही. आता गावोगाव फिरून मिसाओ हेच काम करते. पन्नाशी ओलांडली तिनं. तिचा कॅमेरा मात्र कोटाच्या खिशात मावणारा, आत आरसा नसलेला. मिररलेस म्हणतात तो. बाप हिणवायचा, "बिस्किटाचा पुडा घेऊन जाणार तू लोकांच्या मरणाच्या कामाला?" पण मोठ्या काचेपुढं म्हातारी माणसं सुई बघितल्यासारखी ताठतात, हे मिसाओनं लहानपणापासून पाहिलं होतं. या एवढ्याशा कॅमेऱ्यापुढं ती बोलत राहतात, आणि बोलता बोलता चेहरा आपल्या घरी परततो.

आज सकाळी ती वरच्या आळीतल्या उमेनो आजींकडं गेली. गेल्या गेल्या तिनं खोलीतला दिवा मालवला, आजींना खिडकीशी बसवलं.

"दात लावू की नको?" आजींनी विचारलं.

"तुम्हाला कसं बरं वाटतं?"

"बरं बिनदाताचं वाटतं गं. पण म्हातारा वर वाट बघत बसलाय, त्याला ओळख पटायला नको?"

दात लावले. मग सुनेची कागाळी झाली, गुडघ्यांची झाली, यंदाच्या मुळ्यांची झाली. शेवटी आजी वैतागल्या. "काढणार तरी कधी? पोट आत ओढून ओढून जीव चाललाय माझा!"

"चाळीस काढले, आजी."

"अगं चोरटे! आवाज तरी करायचास!"

दोघी खूप हसल्या. चहा पिताना आजी म्हणाल्या, "तुझ्या बापाचाच फोटो नव्हता बघ. सगळ्या गावाला बसवलं, आणि स्वतः काही बसला नाही. मुलखाचा हट्टी!"

मिसाओनं कप ओठांना लावला. चहा केव्हाच संपला होता.

कारण बाप बसला होता.

तीन वर्षांपूर्वी, दवाखान्यात. आपणहून म्हणाला होता, "आण तुझं खेळणं. बसतो मी." नर्सकडून दाढी करून घेतली, गळ्याचं बटण स्वतः लावलं. ते एक बटण लावायला त्याला किती वेळ लागला! खोलीला खिडकी नव्हती, डोक्यावर ट्यूबलाइट. मिसाओनं नेहमीसारखा कॅमेऱ्याचा आवाज बंद ठेवला. तो माकूळ मासळीबद्दल बोलत राहिला, ती काढत राहिली. दहा मिनिटं.

घरी मोठ्या पडद्यावर पाहिलं, तर बापाच्या चेहऱ्यावर आडवे काळे पट्टे. कपाळावर, डोळ्यांवर, ओठांवर. एकूण एक फोटोत. ट्यूबलाइट डोळ्यांना दिसणार नाही अशी लुकलुकत असते, आणि आवाज बंद केलेला असा कॅमेरा चित्र एकदम टिपत नाही, ओळीओळीनं उचलतो. ती लुकलुक पट्टे होऊन उतरते. नवशिक्यांना पहिल्या महिन्यात सांगतात हे. मागच्या इवल्या पडद्यावर तिच्या ध्यानात आलं नव्हतं. रविवारी पुन्हा काढू, असं तिनं ठरवलं. बाप शुक्रवारी गेला.

अंत्यविधीला जो तो विचारू लागला, "अगं, तू फोटोवाली, आणि बापाचा एक फोटो नाही?" तिच्या तोंडून निघून गेलं, "बाबा बसलेच नाहीत."

लोकांना लगेच पटलं. शोभण्यासारखंच होतं त्याला. मग कोळी सोसायटीच्या सहलीच्या फोटोतून त्याचं डोकं कापून मोठं केलं. खांद्याशी दुसऱ्याच कुणाचा तरी खांदा राहिला.

तेव्हापासून मिसाओची आई, किनुए, रोज सकाळी पितरांच्या देव्हाऱ्यातल्या त्या धुरकट चेहऱ्यापुढं गरम भाताची वाटी ठेवते आणि म्हणते, "घ्या, जेवा. पोटच्या पोरीपुढं दहा मिनिटं बसायला तुम्हाला जड झालं." पहिल्या वर्षी त्यात माया होती. पुढं पुढं नुसता राग उरला. आणि आता किनुएच आजारी. डॉक्टरांनी घरी पाठवलंय, आवडेल ते खाऊ घाला म्हणालेत. आणि ती फोटोला बसत नाही.

दुपारी मिसाओ घरी आली तेव्हा आई ओसरीवर मुळ्यांच्या जुड्या बांधत होती. बांधायला दोऱ्याला दोनदा गाठ मारावी लागत होती; पहिली सुटून जायची.

"आई, ऊन छान आलंय. तो निळा किमोनो काढू का?"

"कशाला? ह्यांचा तसा, आणि शेजारी माझा नटवा फोटो? लोक म्हणतील, म्हातारीला भारीच हौस."

"लोकांचं सोड."

"बरं, सोडलं." किनुएनं जुडी खाली ठेवली. "ते बसले नाहीत, मी बसणार नाही. बायकोचे लाड केले नाहीत कधी, निदान लेकीचा मान तरी ठेवायचा होता. वर गेल्यावर पहिलं हेच विचारणार आहे मी. पाणीसुद्धा न विचारता. म्हणीन, पोरीनं तुमचं काय वाकडं केलं होतं?"

"आई, असं रागात..."

"रागातच जाणार मी. तू मध्ये पडू नकोस. तुझा अपमान झाला, तू गिळलास. मी नाही गिळणार."

ओसरीच्या वाशाला वाळत टांगलेले मुळे वाऱ्यानं एकमेकांवर हलके आपटले. मिसाओनं कॅमेरा चटईवर ठेवला. हात मोकळे झाले, तसे कुठं ठेवावेत तिला कळेना. तिनं ते आईच्या गुडघ्यांवर ठेवले. काडीसारखे गुडघे.

"आई, बाबा नाही म्हणाले नव्हते," ती म्हणाली. "त्यांनीच मला बोलावलं. दाढी करून, बटण लावून बसले होते माझ्यापुढं. छान बसले होते गं. फोटो मी खराब केले. आणि सगळ्यांना खोटं सांगितलं."