छातीशी धरलेली पाटी

मी रिहाबची पाटी बोलतेय. दगडाची नाही हं. निळ्या चौकटीतलं साधं काळं प्लास्टिक. शाळा उघडायच्या आठवड्यात सफ्रू गावच्या बाजारात रिहाबच्या आईनं, इब्तिसामनं, मला उचललं, वाकवून पाहिलं, परत ठेवलं, पुन्हा उचललं. तिचं सगळंच असं.

त्या आठवड्यात तिची झोप उडाली होती. सरकारनं शिकवण्याची पद्धत बदलली होती. आधी प्रत्येक मुलाकडून एकेकट्यानं वाचून घ्यायचं, आणि इयत्ता कुठलीही असो, जेवढं येतं तेवढ्याच्या गटात बसवायचं. चौथीतली रिहाब सुटे शब्द जेमतेम वाचायची. म्हणजे दुसरीच्या पोरांबरोबर! आणि आई पदवीधर.

तेवढ्यात जावेचा फोन आला. तिच्या मुलाची तपासणी आदल्या दिवशी झाली होती. "वाचायला देतात ती गोष्ट सगळ्यांना तीच असते गं, लिहून घे."

"पण हे बरं दिसतं का?"

"सगळ्या आया करतायत. तूच एकटी मोठी प्रामाणिक लागून गेलीस की काय!"

इब्तिसामनं ती मधमाशीची गोष्ट तुकड्यातुकड्यानं माझ्यावर लिहून रिहाबकडून घोकून घेतली. पाठांतराला पोर तल्लख. तपासणीत तिनं न अडखळता गोष्ट म्हटली. पान उलटायचंही विसरली. वर्गाचे शिक्षक उस्ताद इद्रिसींनी चष्म्यावरून पाहिलं, पण दाराशी चाळीस मुलं रांगेत होती. रिहाब सगळ्यांत वरच्या गटात गेली. घरी त्या दिवशी मध घालून मसेमनच्या घडीच्या पोळ्या खाल्ल्या गेल्या.

पुढचे दिवस कसे सांगू? उस्ताद वाक्य सांगतात, पट्टीनं टेबलावर टक् करतात, मुलं लिहितात. दुसऱ्या टक्ला तीस पाट्या एकदम वर. पद्धत चांगली आहे. कोणाला येत नाही ते तिथल्या तिथे दिसतं. पण उस्तादांच्या हातात मिनिटामिनिटाला काय बोलायचं ते ठरवून दिलेला सरकारी कागद असतो, आणि त्यात थांबायला जागा नाही. रिहाब डावीकडच्या मुलीचं बघून लिहायची. ती मुलगी आली नाही की मला उलटी करून छातीशी धरायची. तिची धडधड मला ऐकू यायची. वाटायचं, माझंच काही चुकत असेल. खडू मीच नीट धरत नसेन.

शुक्रवारी कुसकुस जेवून झाल्यावर इब्तिसाम म्हणाली, "बघू तरी, वर्गात कसं करता ते." तिनं एक सोपं वाक्य सांगितलं आणि चमच्यानं टक् केलं.

रिहाबची मान आपोआप डावीकडे वळली. तिथे नुसती उशी होती.

सोमवारी सकाळी इब्तिसाम शाळेत गेली. मी रिहाबच्या दप्तरात होते, सगळं ऐकलं.

"मला तेव्हाच कळलं होतं, लल्ला," इथे बाईमाणसाला आदरानं म्हणतात तसं उस्ताद म्हणाले. "बोललो नाही, ही माझी चूक. बत्तीस वर्षांत सहा सुधारणा पाहिल्या. मंत्री बदलला की आमच्या पिशवीतली पुस्तकं बदलतात. या कागदानं तर माझ्या तोंडाला कुलूप घातलंय. तरी ही त्यातल्या त्यात बरी. पहिल्यांदाच कुणीतरी मुलाला विचारलं, तुला काय येतं? आणि उत्तर तुम्ही दिलंत."

"खालच्या गटात ती लाजेनं मरेल, उस्ताद. चुलतभाऊ चिडवेल."

"चिडवेल की! महिनाभर. नाहीतर पुढची सगळी वर्षं ती शेजारणीची पाटी बघत बसेल."

इब्तिसाम म्हणाली, "खाली बसवा तिला."

माणसांनो, तुमच्या मोठमोठ्या सुधारणा अखेर माझ्यासारखीच्या वीतभर अंगावर येऊन टेकतात. करा, जरूर करा. पण माझ्यावर मुलाला त्याचं स्वतःचं चुकलेलं अक्षर काढू द्या. पुसून घ्यायला मी तयार आहे. कोरी राहायला नाही.

आता मी शाळेच्या पायरीवर, रिहाबच्या छातीशी आहे. इब्तिसाम तिच्यासमोर उकिडवी बसून सांगतेय, "बाळा, उद्यापासून तुला छोट्यांच्यात बसायचंय. चूक माझी आहे, तुझी नाही." ती रिहाबच्या रडण्याची वाट बघतेय.

रिहाबनं मला छातीपासून दूर केलं आणि विचारलं, "म्हणजे आता मला येत नाही, असं म्हटलं तरी चालेल?"