मका नाही ते तण

अंबरीषची नोकरी काय, हे पुण्यात सांगताना त्याच्या आईची पंचाईत व्हायची. मुलगा राहतो टोकियोतल्या फुनाबोरीत आणि काळजी करतो आफ्रिकेत, मलावीतल्या मक्याची. तिथल्या बाईनं फोनवर शेताचा फोटो पाठवायचा आणि अंबरीषच्या एआयनं तिच्याच भाषेत बोलून सल्ला द्यायचा, असं ते काम. शुक्रवारी हे एआय दोन हजार बायकांच्या फोनवर पोहोचणार होतं.

बुधवारी दुपारी मलावीहून तांडीवेचा व्हिडिओ कॉल आला. बायकांना फोन वापरायला शिकवणारी तीच, आणि स्वतःही पाऊण एकर कसणारी. तिनं आपल्या शेताचा फोटो टाकला, तर एआयनं मक्यातलं तण उपटायला सांगितलं होतं. ते तण म्हणजे तिनं लावलेला भोपळा होता.

"त्याची पानं आम्ही जेवतो. मका येईपर्यंत घर त्याच्यावरच चालतं," ती शांतपणे म्हणाली. "बायका माझ्या शब्दावर तुझ्या यंत्राचं ऐकणार. त्यांनी हे उपटलं, तर मी कोणत्या तोंडानं त्यांच्या दारात जाऊ?"

जपानमधली एकाच पिकाची, विंचरल्यासारखी शेतं पाहून नियम अंबरीषनंच घातला होता: मका नाही ते तण. एकटा भोपळा शिकवून वेळ मारून नेता आली असती. पण मक्यात आणखी काय काय लावतात, याचा त्याला पत्ताच नव्हता.

"त्याला 'मला माहीत नाही' म्हणता येत नाही का?" तांडीवेनं विचारलं.

नोकरीच्या सात वर्षांत मीटिंगमध्ये ते अंबरीषलाही कधी म्हणता आलं नव्हतं. "चेक करून सांगतो" हे त्याचं हुकमी उत्तर. तो उठला आणि सगळ्यांसमोर साहेबांपुढे जाऊन उभा राहिला.

"कोबायाशी-सान, चूक माझी आहे. दुरुस्तीला किती दिवस लागतील, मला माहीत नाही."

कोबायाशी-साननी शुक्रवार रद्द केला. मग आपली खुर्ची ओढून ते त्याच्या शेजारी बसले आणि सुरुवात कुठून करायची, एवढंच त्यांनी विचारलं.

नऊ दिवस लागले. आता अनोळखी रोप दिसलं की एआय बाईलाच विचारायचं, हे कशासाठी लावलंय? फोनवर पोहोचलं त्या पहिल्याच दिवशी सहाशेवर बायकांनी बोलून उत्तरं पाठवली. अंबरीषला त्यांची भाषा येत नव्हती, तरी तो ऐकत बसला. एकीनं तर प्रत्येक शब्द सावकाश, दोनदोनदा सांगितला होता.

संध्याकाळी तांडीवेचा निरोप आला.

"बायका म्हणतात, यंत्र हुशार आहे. कळलं नाही तर विचारतं."