माणिकबाईच्या सात कुंड्या

अमरावतीच्या कॅम्पात वकीलसाहेबाचा बंगला हाये. त्याच्या पडवीसाठी मी क्रोटनची सात शोभेची झाडं दिली, कुंभाराच्या कोऱ्या मातीच्या कुंड्यांत. बुडाले बोटभर भोक. माती हवा घेते, जास्तीचं पाणी भोकातून निघून जाते, मुळं सडत नाही. एवढं आमच्या नांदगाव पेठेत शेंबड्या पोराले समजते.

वकिलाच्या बायकोनं, माणिकबाईनं, कुंडीचं बूड पाह्यलं न् हात झटकला.

"सूर्यभान, मडक्याला भोक माणूस मेल्यावर पाडतात. असलं अभद्र माझ्या दारात नको."

मी समजावून सांगतलं. वकीलसाहेबानं पेपरातून मान वर न करता म्हटलं, "माळ्यानं शहाणपण शिकवू नये." हा माणूस नागपुरात गोऱ्या जज्जाशी इंग्रजीत भांडते, न् घरी कुंडीच्या भोकाले भेते.

बाईनं गवंडी बोलावून सातही भोकं सिमेटानं बुजवली. वरतून रोज हंडाभर पाणी. शेजारच्या तहसीलदारीणबाईच्या झाडांपेक्षा हिची झाडं टवटवीत दिसली पाह्यजे ना.

पंधरा दिवसांनी निरोप आला का, तू झाडं रोगट दिली. जाऊन पाह्यतो तं कुंड्यांत डबकी साचलेली, पानं गळलेली. एक रोप उपसलं, तं मुळं हातातच शेणासारखी पिचली. नाकाले पदर लावून बाई उभी होती.

"आता काय करायचं?" तिनं इचारलं.

"आता पाडा भोकं, बाईसाहेब," मी म्हटलं. "सातही मेली."