लिंपलेली भेग

नव्या घराची हमी संपायला सहा दिवस उरले होते, तेव्हा बिल्डरचा इंजिनिअर एकदाचा उगवला. अकरा फोन, चार हेलपाटे, आणि "मॅडम, काँक्रीटला भेगा जातातच" हे पालुपद ऐकून माझे कान किटले होते. जातात ना! केसाएवढ्या जातात. आमची सासऱ्यांच्या खोलीत, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी थेट जमिनीपर्यंत, बोटाचं टोक आत जाईल एवढी. दर महिन्याला मी तिच्या टोकाशी पेन्सिलीनं तारीख लिहीत होते. हमीत दुरुस्ती झाली नाही, तर पुढचं सगळं आमच्याच डोक्यावर.

त्याला खोलीत नेलं आणि बघते तर काय, भिंत गुळगुळीत! भेग नाही, तारखा नाहीत. शेजारी सासरे उभे, नखांत सिमेंट. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस.

"बाबा, हे काय केलंत?"

"अगं, साहेब येणार म्हणालीस ना? तडा गेलेली भिंत साहेबाला दाखवतात होय? काल तुम्ही कामावर गेलात तेव्हाच उरकलं. वर रंगाचा हातही दिला."

कप्पाळ माझं! मालक आता आपणच आहोत, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

इंजिनिअरनं मला अंगणात नेलं आणि हमीपत्रातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. दुसऱ्या कुणी दुरुस्ती केली तर हमी रद्द. मी मोबाइलमधले फोटो दाखवले, हुज्जत घातली. तो ढिम्म.

"बाबांना यातलं काही सांगायचं नाही," नवऱ्यानं बजावलं. मी इतकी दमले होते की भांडलेही नाही.

तीन आठवड्यांत भेग पुन्हा उघडली, त्याच वाटेनं. बाबा तिच्यासमोर स्टूल टाकून बसायचे. जेवायला हाक मारली तरी उठेनात.

"हात गेला गं माझा, सूनबाई. माझं लिंपलेलं कधी उघडलं नव्हतं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. इतका केविलवाणा चेहरा मला बघवेना.

"तुमचा हात नाही गेला, बाबा. माणूस आणून तपासून घेतलं आम्ही. घराचा पाया एका बाजूनं खचतोय."

"पाया?" त्यांनी भिंतीवरून हात फिरवला. किती दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झाला. "मग माझं काम पक्कंच होतं की!"

"पक्कंच होतं."

"अगं, मग बसलीस काय? बोलाव त्या बिल्डरला. हमी आहे ना आपल्याकडे?"

"बोलावते, बाबा," मी म्हटलं.