पहिल्या स्लाइडवरचं नाव

भूगोलाच्या बाईंना कॉम्प्युटर उत्तम येतो, असा शाळेत बोलबाला होता. हळूहळू बाईंचाही त्यावर विश्वास बसला, आणि तिथेच घात झाला.

भूकंपावरचं ते प्रेझेंटेशन मुळात त्यांचं नव्हतंच. ते होतं बंबूचं. बंबू म्हणजे ट्रेनिंग कॉलेजातली मैत्रीण. उंचीमुळे पडलेलं हे नाव दुसऱ्या शाळेत मोठी बाई झाली तरी सुटलं नव्हतं. सांधेदुखीने अंथरुणाला खिळली होती तेव्हा उशीला टेकून तिने एकेक स्लाइड जीव ओतून केली होती. त्यात जमिनीचे थर सरकायचे, घरं हलायची आणि शेवटी टेबलाखाली दडून बसलेलं एक मांजर यायचं. मुलं त्या मांजरावर फिदा. "घे गं बुटके, तुझ्या पोरांनाही दाखव," म्हणत तिने लिंक पाठवली, वर हवे ते बदल करायची मुभाही दिली. आपल्यात कसला परकेपणा, म्हणाली.

बाईंनी ते शाळेच्या वेबसाइटवर बसवलं. पानावर एक चौकट, चौकटीत स्लाइड्स. मुलं घरून बघायला लागली. मुख्याध्यापिकांनीही बघितलं आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत म्हणाल्या, "याला म्हणतात मेहनत! तपासणीला साहेब येतील तेव्हा तुमचं हेच दाखवू." बाईंनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात घंटा झाली आणि खरं सांगायचं राहून गेलं. राहून गेलं कसलं, बाईंनीच राहू दिलं. इतकी वर्षं खडू झिजवल्यावर पहिल्यांदा कुणी चारचौघांत पाठ थोपटली होती. मोह झाला.

पण पहिल्याच स्लाइडवर, कोपऱ्यात बारीक अक्षरांत, बंबूचं नाव होतं; मुख्याध्यापिकांच्या नजरेतून ते सुटलं होतं. बाईंनी ते पुसून स्वतःचं टाकलं. नुसतं टाकून थांबल्या नाहीत. आधी काळं ठेवलं, मग निळं केलं, मग जरा मोठं केलं. त्यांचा आपला समज असा, की वेबसाइटवर चढलेली ती आपली वेगळी प्रत. तिचं काहीही करा, बंबूकडची शाबूत. प्रत वगैरे काही नव्हती. फाइल एकच होती, आणि ती जिथे जिथे लावलेली होती तिथे तिथे बाईंचं निळं नाव झळकलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बंबूचा फोन आला. ती हसत होती.

"अगं बुटके, काय फजिती झाली माझी! वर्गात लावलं तर पडद्यावर तुझं नाव. पोरं म्हणतात, बाई, दुसऱ्यांचं ढापलंत होय? चुकून झालं ना गं काहीतरी?"

मी केलं, माझी मलाच लाज वाटते, एवढं बाई म्हणाल्या असत्या तर बंबूने चार शिव्या हासडून विषय संपवला असता. पण बाईंना वेळ मारून न्यायची होती.

"अय्या! मला तर काही माहीतच नाही. मी हातसुद्धा लावला नाही गं त्याला."

मग "बरं" म्हणून, औषधाची वेळ झाली म्हणून, बंबूने फोन ठेवला.

फाइलमध्ये कुणी काय बदललं ते नावानिशी दिसतं, हे बाईंना नंतर कॉम्प्युटरच्या सरांनी बोलता बोलता सांगितलं. म्हणजे काळं, निळं, मोठं, सगळं बंबूने पाहून मगच फोन केला असणार. आणि तरीही 'चुकून' हा शब्द तिनेच पुढे केला होता.

सोमवारी वर्गात चौकट उघडली तर आत नुसता राखाडी रंग. ही फाइल पाहण्याची तुम्हाला परवानगी नाही, अशी ओळ, आणि खाली 'परवानगी मागा' असं बटण.

"बाई, मांजर कुठंय?" मुलं ओरडली.

तास संपल्यावर बाई मुख्याध्यापिकांकडे गेल्या आणि खरं काय ते सांगून टाकलं. बाहेर येऊन बंबूला फोन लावला; तिने उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. शेवटी ते बटण दाबलं आणि निरोपाच्या जागी लिहिलं, "चुकून नव्हतं. मीच केलं, आणि वर तुझ्याशी खोटं बोलले. माफ कर गं मला."

मधल्या सुट्टीत उत्तर आलं. परवानगी मिळाली होती! बाईंनी घाईघाईने फाइल उघडली. पहिल्या स्लाइडवर बंबूचं नाव परत आलं होतं. निरोपाची जागा रिकामी होती. बुटके नाही, एखादी शिवीसुद्धा नाही. कॉम्प्युटरने आपल्या ठरलेल्या भाषेत कळवलं होतं तेवढंच: तुम्ही ही फाइल फक्त पाहू शकता.