वाटणीतला कॉम्प्युटर

सुरतच्या डिंडोलीत हिलाल मिस्त्रीचं घर विचारलं, की लोक आधी "कोण, तो कॉम्प्युटरवाला?" असं विचारून घेत, आणि त्या विचारण्यात कौतुक बेताचंच असे. हिलाल पर्वत पाटियाजवळच्या एका कारखान्यात पॉवरलूम दुरुस्त करायचा. त्याच्या घराच्या माळ्यावर सात जुने कॉम्प्युटर होते. ऑफिसातले मोठे नव्हेत, घरगुती. टीव्हीला जोडायचे, टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावून चालवायचे. शेठलोकांनी कधीतरी पोरांसाठी परदेशातून आणलेले, पोरांनी चार दिवसांत कंटाळून टाकलेले आणि शेवटी भंगारवाल्याकडे पोचलेले. एकाची अर्धी बटणं गेलेली, एकाला झाकण नाही, एकात झुरळांनी संसार थाटलेला. सहा बंदच होते. सातवा चालू व्हायचा, पडद्यावर एक पांढरा चौकोन दाखवायचा आणि गप्प बसायचा.

त्याची बायको तारा पापडाचे डबे ठेवायला माळा मागून मागून थकली होती. पाहुणे आले की हिलाल एकेक यंत्र खाली उतरवून त्याची कुळकथा सांगे, आणि पाहुण्यांना गाडीची वेळ आठवे. हौसेला मोल नसतं असं तो म्हणायचा. तारा म्हणायची, मोल नसतं पण जागा लागते.

खरं सांगायचं तर हिलालला सात नकोच होते. त्याला एकच हवा होता आणि तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडला मारुतीच्या घरी होता.

मारुती आणि हिलाल पारोळ्याकडचे, एकाच गावचे. सुरतेत आले तेही एकत्र आणि एकाच लूमखात्यात लागले. सत्त्याऐंशी साली दोघांनी मिळून शेठच्या पोराचा टाकलेला कॉम्प्युटर घेतला. काळा, वहीएवढा, रबरी बटणांचा. त्यावर दोघांनी रविवार-रविवार बसून एका साडीचं चित्र केलं. हिलाल आलेखाच्या कागदावर चौकटी मोजायचा, मारुती बटणं दाबायचा. वर किनार, मध्ये बुट्टे, खाली पदर. झालं तेवढं चित्र कॅसेटवर ठेवलं होतं. कॅसेट लावली की टेप किरकिरायला लागे आणि तिच्या आवाजासरशी चित्र वरून खाली उतरे, एक रेघ सोडून दुसरी, मागावर बाण्याचा धागा पडावा तसं. रंग सगळ्यात शेवटी भरत. दोघांनी किनारीला लाल आणि बुट्ट्यांना हिरवा दिला होता. पण टीव्ही काळा-पांढरा, त्यामुळे आपली साडी त्यांनी रंगात कधी पाहिलीच नव्हती. आवाज बदलला की रंग भरला असं समजायचं.

पदरावर गाडी अडली. हिलाल म्हणाला मोर, मारुती म्हणाला कैरी. कैरी तर गोधडीवरही असते, असं हिलाल म्हणाला. मारुतीनं विचारलं की आपण काय पैठणी विणतो का, आपण सुरतचे. मग हळूहळू एकमेकांचे बाप निघाले आणि संध्याकाळपर्यंत वाटणी ठरली.

वाटणी गावाच्या रीतीनं झाली. एकानं वाटे पाडायचे, दुसऱ्यानं आधी उचलायचं, म्हणजे एकानं दुसऱ्याला नावं ठेवायला जागा नको. वाटे हिलालनं पाडले. एकीकडे कॉम्प्युटर, दुसरीकडे त्याचा वीज देणारा ठोकळा, वायरी आणि कॅसेट. मारुतीनं कॉम्प्युटर उचलला. बैल एकाच्या दावणीला आणि जू दुसऱ्याच्या ओसरीवर, तशातली गत. वाटणी न्यायाची झाली यावर मात्र दोघांचंही एकमत होतं.

तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना. दुसरा मागायला येईल म्हणून दोघंही वाट बघत बसले. मारुती कोसाडला राहायला गेला. तसला ठोकळा त्याला कुठल्याही रेडिओवाल्यानं बनवून दिला असता, पण त्यानं तो बनवून घेतला नाही. हिलाल भंगार धुंडाळू लागला, तसलाच कॉम्प्युटर कुठे मिळतो का बघायला. तो मिळाला नाही, दुसरेच मिळत गेले, आणि रिकाम्या हातानं परत यायला बरं दिसत नाही म्हणून तो तेच आणत गेला. चौऱ्याण्णव साली प्लेगच्या भीतीनं अर्धं सुरत पळालं, तेव्हा दोघं भुसावळच्या गाडीत समोरासमोर कोंबले गेले. मारुतीच्या मांडीवर गोणपाटात गुंडाळलेला कॉम्प्युटर, हिलालच्या पिशवीत ठोकळा आणि कॅसेट. अमळनेर येईपर्यंत दोघं खिडकीबाहेर बघत होते.

दसऱ्याला सोनं द्यायच्या निमित्तानं तरी हे मिटलं असतं. पण सोनं घेऊन धाकट्यानं थोरल्याकडे जायचं असतं, आणि शाळेत नाव घालताना मास्तरांनी दोघांचीही जन्मतारीख एक जून, साल तेच, अशी ठोकून दिली होती. धाकटा कोण याचा निकाल लागत नव्हता, म्हणून दर दसऱ्याला दोघंही आपापल्या घरी थोरले होऊन बसत.

सत्त्याण्णवच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारखान्यातल्या भटूनं सहज सांगितलं, की मारुतीनं काम सोडलं, दसरा करून तो कायमचा गावी चाललाय, सामानही बांधून झालंय. हिलाल हातातला पाना तसाच धरून उभा राहिला. कॉम्प्युटर जाईल याचं त्याला काहीच वाटलं नाही. मारुती जाईल याचं वाटलं, आणि इतकं वाटलं की त्याचा त्यालाच राग आला.

दसऱ्याला सकाळी त्यानं ठोकळा, वायरी आणि कॅसेट पिशवीत भरली, वर आपट्याची पानं ठेवली, वाटेत रांगेत उभं राहून फाफडा-जिलेबी घेतली. तारानं कुठे विचारलं तर कोसाडला म्हणाला. तारानं त्याला शर्ट तेवढा बदलायला लावला.

मारुतीनं दार उघडलं. हिलालनं पानं पुढे केली. मारुतीनं ती घेतली आणि मग तू धाकटा ठरलास, असं शांतपणे सांगितलं. हिलालनं मान्य केलं. मारुतीची बायको चंद्रभागा चहा टाकायला आत गेली. बांधलेल्या बोचक्यांमध्ये फक्त देवघर, रंगीत टीव्ही आणि टेपरेकॉर्डर बांधायचे राहिले होते. देवघरापुढे पाटावर कॉम्प्युटर होता, झेंडूची माळ घातलेला.

हिलाल जवळ गेला. बटणांच्या फटींत हळदीकुंकवाचा चिखल घट्ट बसला होता आणि सगळ्या अंगाला तेलाची तकाकी होती. त्यानं विचारलं, हे काय? मारुती म्हणाला, दर दसऱ्याला पूजा केली आणि तेल दिलं, लूमला देतो तेच, चांगलं पांढरं, चुकवलं एकही वर्ष नाही. असल्या यंत्राला तेल नको असतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगू शकणारा माणूस डिंडोलीत थोरला होऊन बसला होता. हिलालला मनातून बरंच वाटलं.

त्यांनी ठोकळा लावला, टीव्हीला वायर जोडली. बटण दाबलं. पडदा काळा. वायर हलवली, पुसली, पुन्हा लावली, मशीन उलटं करून हलक्या हातानं थोपटलं. त्यातून तेलाचा एक थेंब पाटावर पडला. पडदा काळाच. रंगीत टीव्हीवर आपली साडी एकदा बघायची, ती मारुतीसोबत, आणि मग त्याला जाऊ द्यायचं, एवढंच हिलालनं ठरवलं होतं. तेवढंही होणार नव्हतं.

"कॅसेट तर लाव," मारुती म्हणाला.

हिलालनं मारुतीच्या टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घातली. कॉम्प्युटरला काहीच ऐकू जाणार नव्हतं, म्हणून त्यानं टेपमधून कॉम्प्युटरकडे जाणारी पिन उपटली, आणि किरकिर खोलीत भरली. दोघं खाली बसले, पूर्वी बसायचे तसे, टीव्हीकडे तोंड करून. थोड्या वेळानं मारुतीनं बोट वर केलं. किनार आली होती. हिलालनं मान हलवली. मग आवाज दाट झाला, म्हणजे बुट्टे. एक रांग, मग दुसरी. दोघांनाही कुठली रांग चालू आहे ते बरोबर कळत होतं.

मग किरकिर थांबली आणि एकसुरी बारीक शिट्टी सुरू झाली. ही पदराची जागा. तिथे त्यांनी काहीच काढलं नव्हतं.

"कर तुन्ही कैरी," हिलाल काळ्या पडद्याकडे बघत गावच्या अहिराणीत म्हणाला.

शिट्टी चालू होती. मारुतीनं हातातल्या आपट्याच्या पानाची घडी घातली.

"मोर माले येतच नव्हता," तो म्हणाला.

"माले बी."

मारुतीनं त्याच्याकडे पाहिलं. हिलालचे डोळे भरले होते आणि तो ते लपवत नव्हता.

"आते रंग," मारुती म्हणाला, आणि खरंच आवाज बदलला. दोघंही जरा पुढे सरकले. चंद्रभागा चहा घेऊन दारात आली आणि तिनं विचारलं, पडदा तर काळा आहे, दोघं बघताय काय?

"थांब ना," मारुती म्हणाला. "किनार लाल व्हई ऱ्हायनी."