शोकेसमधली फ्रेंच वाईन

फ्रान्समध्ये नोकरीला असलेल्या अंकुरने दोन वर्षांपूर्वी ही रेड वाईन अकोल्याला आणली होती. "भरदार असते, पण घशाला लागत नाही. पिऊन बघा," असं तो वडिलांना म्हणाला होता. खुशालरावांनी बाटली कौतुकाने हॉलमधल्या शोकेसमध्ये मांडली. पुढे अंकुर तिकडेच अपघातात गेला. आज त्याच्या वाढदिवसाला त्यांनी ती बाटली अंकुरच्या बायकोसमोर, रागिणीसमोर उघडली. वाईन ते पहिल्यांदाच पीत होते.

अंकुरसोबत ही वाईन प्यायलेल्या रागिणीला पहिल्याच घोटाला कळलं, अकोल्याच्या उन्हाळ्यांनी वाईन नासली होती.

खुशालरावांचं तोंड वाकडं झालं. "बाप्पा! लय आंबट हाय वं. त्याले हेच आवडे काय?"

रागिणीने आणखी एक घोट घेतला. "हो, बाबा. हेच."

"मंग टाक अजून थोडीशी," म्हणत त्यांनी ग्लास पुढे केला.